रिकामे राहणारे धरण

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घटप्रभेवरचे हिडकल किंवा बेळगाव शहराला पाणी पुरविणारे राकसकोप उभे राहते. ही धरणे भरली की आपल्याला समाधान वाटते, कारण ती भरावीत म्हणूनच बांधलेली असतात. परंतु धरणांची एक जात अशी आहे की, ती जितकी रिकामी तितकी अधिक उपयोगी. ओढ्याच्या वरच्या अंगाला केवळ पूर अडविण्यासाठी बांधलेले मातीचे लहान धरण ह्या जातीत मोडते. त्याची रचना, कार्य व मर्यादा ह्यांचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

कल्पनेचा उगम

अशी धरणे ओढ्याओढ्यांवर मोठ्या संख्येने बांधण्याचा कार्यक्रम अमेरिकेत राबविला गेला. त्याचा आरंभ ओक्लाहोमा राज्यातील वॉशिटा नदीच्या खोऱ्यात झाला. १९३४ च्या एप्रिलमध्ये ह्या नदीच्या पुराने हॅमन गावाजवळ १७ माणसे बळी घेतली. त्याच दशकात तेथील शेतांवरची माती वाऱ्याने उडून जात होती. १९३५ मध्ये ह्यू बेनेट ह्यांच्या नेतृत्वाखाली मृदसंधारणाचे सरकारी खाते स्थापन झाले. पूर नदीत आल्यावर नव्हे, तर शेतात आणि ओढ्यात असतानाच त्याला आवरावा, हा ह्या कार्यामागचा विचार होता. १९४४ च्या कायद्याने ११ खोऱ्यांत अशा कामांना मंजुरी मिळाली. १९४८ मध्ये कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक ह्या ओढ्यावर पहिले धरण पुरे झाले. १९५४ च्या कायद्याने ही योजना देशभर नेली. आज त्या देशात अशी ११ हजारांहून अधिक धरणे आहेत. त्यांपैकी २१०० हून अधिक एकट्या ओक्लाहोमात आहेत.

रचना

ह्या धरणाची मुख्य अंगे तीन : भराव, नळ आणि सांडवा.

भरावाच्या मध्यभागी पाणी सहसा न झिरपू देणाऱ्या चिकणमातीचा गाभा असतो. आपल्याकडील इंजिनिअर त्यास ‘हार्टिंग’ म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांस मुरमाड मातीचे ‘केसिंग’ असते. गाभा जमिनीखाली चर खणून घट्ट थरापर्यंत नेतात. तसे न केल्यास पाणी धरणाच्या खालून वाट काढते. माती पातळ थरांनी पसरून रोलरने दाबली जाते. अगदी कोरडी माती नीट दबत नाही आणि फार ओली माती रोलरखाली सरकते. मधल्या एका ठराविक ओलाव्यास ती सर्वांत घट्ट बसते. हे तत्त्व प्रॉक्टर ह्या अमेरिकन इंजिनिअराने १९३३ मध्ये मांडले व आजही प्रत्येक मातीकामात ते पाळले जाते.

दुसरे अंग नळाचे. धरणाच्या आतल्या बाजूस काँक्रीटची उभी विहीर असते व तिच्या तळातून निघालेला नळ भरावाखालून पलीकडे जातो. पाणी विहिरीच्या काठापर्यंत चढले की ते आपोआप आत पडून बाहेर वाहू लागते. पुराचे पाणी सोडण्यासाठी कोणी रात्री जाऊन झडप उघडावी लागत नाही. काठाखालची जागा पुढील अनेक वर्षांच्या गाळासाठी राखलेली असते.

तिसरे अंग सांडव्याचे. हा भरावात नसून बाजूच्या मूळ जमिनीत कापलेला रुंद, गवताळ पाट असतो. नळाच्या आवाक्याबाहेरचा मोठा पूर त्यातून जातो.

कार्य

एक उदाहरण घेऊ. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर असून पावसाचे ६० मिलिमीटर पाणी त्यावरून वाहून आले असे समजा. हे पाणी ३ लक्ष घनमीटर भरते. ते तीन तासांत आले, तर ओढ्यातून सेकंदाला सरासरी २८ घनमीटर पाणी धावेल. काठ फोडून ते पिकांत शिरेल. धरणाचा नळ सेकंदाला सरासरी एकच घनमीटर सोडणारा असल्यास तेच पाणी सुमारे साडेतीन दिवसांत उतरते. पाणी तेवढेच राहिले, त्याचा वेग मात्र मोडला. आणि चौथ्या दिवशी धरण पुढच्या पावसास तोंड देण्यास मोकळे झाले. नळ बुजवून तेथे तळे राखण्याचा मोह म्हणूनच घातक ठरतो. भरलेले धरण नव्या पुराला जागा कोठून देणार?

धोके व मर्यादा

मातीच्या धरणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. ते उताराची माती काही तासांत कापून नेते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेतील मच्छू-२ हे मोठे धरण असेच ओसंडून त्याचे मातीचे बांध फुटले व मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. धरण लहान म्हणून धोकाही लहान, असे नसते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील सिंचनासाठी बांधलेले लहान धरण फुटले, तेव्हा खालच्या वाडीतील माणसे घरांसकट वाहून गेली. भरावावर वाढलेली झाडे, उंदीर-घुशींची बिळे आणि पायथ्याशी दिसणारा गढूळ पाझर ह्या म्हणूनच दुर्लक्ष करण्याच्या गोष्टी नव्हेत. पाझर स्वच्छ असेल तर त्यावर लक्ष ठेवावे. गढूळ असेल तर आतली माती निघून चालली आहे असे समजावे.

धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसावर ह्या धरणाचा काही इलाज चालत नाही. अतिवृष्टीत महानदीचा पूरही ते थोपवू शकत नाही. शिवाय त्यात एक सामाजिक प्रश्न आहे. जमीन वरच्या शेतकऱ्याची बुडते आणि पीक खालच्याचे वाचते. ओक्लाहोमात जमिनीचे हक्क मिळविणे व पुढील देखभाल ही कामे स्थानिक संस्थांकडे सोपविली गेली. तेथील पुष्कळ धरणे पन्नास वर्षांच्या हिशेबाने बांधली होती. ती मुदत सरत आली तेव्हा गाळ साचला होता, नळ गंजले होते आणि काही धरणांखाली, जेथे पूर्वी शेते होती, तेथे घरे उभी राहिली होती. अखेर २००० मध्ये त्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला.

ह्यावरून घ्यावयाचा बोध साधा आहे. बांधण्याचे काम एका हंगामाचे, राखण्याचे काम पिढ्यांचे. आपल्या गावच्या तलावाच्या बांधावर जाण्याचा योग आला, तर पाणी किती आहे एवढेच पाहून परतू नये. सांडवा मोकळा आहे का, बांधावर झाडे वाढली आहेत का, पायथ्याचा पाझर कसा आहे, हेही पाहावे आणि काही वावगे दिसल्यास पंचायतीच्या कानावर घालावे. खालच्या वस्तीचे रक्षण तेवढ्या दक्षतेवरही अवलंबून असते.