घरातील राउटर आणि कुटुंबाचे खाजगीपण

टपालवाला पत्रे फोडून वाचत नसला, तरी कोणत्या घरी कोठून पत्रे येतात हे त्याला ठाऊक असते. घरातील वायफाय राउटरची गोष्ट अशीच आहे. घरातील संगणक, मोबाइल व दूरचित्रवाणी संच यांचे सारे संदेश त्याच्यातूनच ये-जा करतात. बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार आज कूटबद्ध असल्यामुळे राउटरला त्यातील मजकूर कळत नाही. परंतु संकेतस्थळाचा पत्ता विचारणारी पृच्छा, म्हणजे डीएनएस, पुष्कळदा उघडीच जाते. कोणत्या वेळी कोणत्या रुग्णालयाचे वा बँकेचे संकेतस्थळ उघडले, एवढ्यावरूनही कुटुंबाविषयी बरेच काही समजते. म्हणून राउटर निवडताना केवळ वेग व किंमत पाहून भागत नाही.

पहिली कसोटी कूटपद्धतीची. डब्ल्यूपीए-२ ही पद्धती २००४ साली आली. तिच्यात पकडलेल्या संदेशांवर घरी बसून परवलीचे शब्द ताडून पाहता येतात. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ही वाट बंद केलेली आहे. म्हणून नवा राउटर ती पद्धती असणाराच घ्यावा.

दुसरी कसोटी दुरुस्तीची. २०१७ साली बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनी डब्ल्यूपीए-२ मधील एक गंभीर दोष उघडकीस आणला. तो आज्ञावलीत सुधारणा करून दूर करता आला. परंतु ज्या उपकरणांना सुधारणा मिळाली नाही, त्यांत तो तसाच राहिला. यास्तव उत्पादक किती वर्षे सुधारणा पुरविणार, हे खरेदीपूर्वी विचारावे. ब्रिटनमध्ये ही मुदत जाहीर करणे एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक आहे.

तिसरी कसोटी माहितीच्या संग्रहाची. काही राउटर उत्पादकाकडे खाते उघडल्यावाचून चालू करता येत नाहीत. खाते न उघडता घरातल्या घरात मांडणी करता येईल असा राउटर बरा. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त आज्ञावली चालणारा असल्यास अधिक चांगले. कारण तिची रचना कोणालाही तपासता येते.

खरेदीनंतर मूळचा परवलीचा शब्द बदलावा आणि डब्ल्यूपीएसची आकडी जोडणी बंद करावी. त्यातील आठ आकडे पाहता १० कोटी शक्यता भासतात. परंतु शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि पहिले चार व पुढील तीन आकडे स्वतंत्रपणे पडताळले जातात. म्हणून १०,००० अधिक १,०००, म्हणजे केवळ ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ साली उघड झाला.

राउटर कितीही चांगला असला, तरी घरातून कोणत्या पत्त्यांशी संपर्क झाला हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दिसतेच. डीएनएस कूटबद्ध केल्यास तिला पृच्छा वाचता येत नाहीत, पण उत्तर देणाऱ्या दुसऱ्या संस्थेला त्या कळतात. तेव्हा विश्वास कोणावर ठेवावयाचा, हा निर्णय अखेर कुटुंबालाच करावा लागतो.