वाळवंटात मुक्काम ठरवण्याआधी

चि. केतकीस,



तू पाठवलेले रिसॉर्टांचे फोटो पाहिले. सगळीकडे तोच निळा पूल, तोच पांढरा तंबू, दारात तोच झुली घातलेला उंट आणि प्रत्येकाच्या नावात 'लक्झरी'. पुण्यात बसून आत्या उंटावरून शेळ्या हाकतेय, असं अनिकेत म्हणेल. म्हणू दे. लोकांच्या सहली आखण्यात जन्म गेलेल्या बाईला विचारलंस, तर ती बोलणारच.

जैसलमेरला जायचं ठरवलंत हे उत्तम केलंत. फक्त एक ध्यानात ठेव, थरमध्ये जिकडे तिकडे वाळूच्या टेकड्या नसतात. बराचसा मुलूख दगडगोट्यांचा, खुरट्या झुडपांचा, आपल्या माणदेशासारखा उघडाबोडका आहे. पर्यटकांना हव्या असतात तशा टेकड्या जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर समला आहेत, आणि नैऋत्येला साधारण तितक्याच अंतरावर खुरीला. म्हणून जो तो समला धावतो, आणि म्हणूनच समच्या रस्त्यावर कॅम्पला कॅम्प खेटून उभा आहे. संध्याकाळी चारला गाड्या येतात, टिळा लागतो, उंट होतो, जीप होते, सूर्य बुडाला की मधल्या चौकात नाच आणि डीजे. शेजारच्या कॅम्पचा डीजे वेगळा, त्याच्या पलीकडचा आणखी वेगळा. तुझ्या तंबूला सागवानी पलंग असो नाहीतर न्हाणीघरात पितळी नळ असोत, भिंत शेवटी कापडाची. रात्री अकराला तिघांचीही गाणी एकदमच ऐकू येणार. दादाचा स्वभाव तुला मी सांगायला नको.

फोटोंवर विसंबू नकोस. नकाशावर ते ठिकाण शोध, वरून दिसणारं उपग्रहाचं चित्र उघड आणि मोठं कर. तंबू पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. ठिपक्यांची रांग कुंपणापलीकडेही तशीच पुढे चाललेली दिसली, तर ते ठिकाण सोडून दे. भोवती दोन-तीन किलोमीटर काहीच दिसत नसेल तर मग फोन लाव. आणि फोन बुकिंगच्या मुंबई-दिल्लीच्या नंबरावर नको, थेट तिथल्या मॅनेजरला. रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो? जनरेटर तंबूंपासून किती लांब आहे? रात्रभर बाहेर किती दिवे चालू असतात? जो माणूस चटकन आकडा सांगतो त्याच्याकडे जावं. जो 'मॅडम, आप आइए तो सही' म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नये.

दिव्यांचं विचारायला सांगते, कारण वाळवंटात तू खरे पैसे मोजतेस ते अंधारासाठी आणि शांततेसाठी. बाकी मऊ गादी काय, लोणावळ्यातही मिळते. चांगला अंधार मिळाला तर रेवाला आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दाखवता येईल, पण त्यासाठी अमावास्येच्या आगेमागे जायला हवं. पौर्णिमेला वाळू सुंदर दिसते, चांदण्या मात्र पुसल्या जातात. दोन्हींतलं काय हवं ते आधी ठरव आणि मग तारखा घे. आणखी एक, जैसलमेरभोवती पवनचक्क्यांचं जंगल झालंय. रात्री त्यांचे लाल दिवे क्षितिजावर लुकलुकत राहतात. तेव्हा तंबूचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे विचारण्यात संकोच करू नकोस.

महिना म्हणशील तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. दिवाळीच्या सुट्टीत अर्धं गुजरात तिथे असतं. नाताळ ते नववर्ष दर गगनाला भिडतात, आणि एकतीस डिसेंबरच्या 'गाला डिनर'चे पैसे तुम्ही जेवा न जेवा, सक्तीने लावले जातात. मार्चनंतर ऊन असं तापतं की बरेच कॅम्प गाशाच गुंडाळतात.

आता दादाच्या गुडघ्यांचं. टेकडीवरच्या तंबूतून सूर्यास्त दिसतो हे खरं, पण मऊ वाळूत पाऊल घोट्यापर्यंत रुततं आणि चढावर प्रत्येक पावलाला निम्मं अंतर मागे घसरतं. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला ते झेपणार नाही. तंबू ते जेवणघर फरसबंद वाट आहे का, बग्गी मिळते का, न्हाणीघराला उंबरा आहे का, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, हे लिहून मागव. उंटावर त्याला बसवू नका. उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो, आणि तो सावरतोय तोवर पुढचे पाय उठून त्याला मागे ढकलतात. रेवा खिदळेल, दादाची कंबर धरेल. उंटगाडी मागा. सपाट लाकडी गाडी असते, वर गादी टाकतात, वहिनीही आरामात बसेल.

माझं मत विचारशील तर तंबूचा हट्ट एका रात्रीपुरता ठेव. बाकी मुक्काम दगडी बांधकामात करा. शहरातून समकडे जाताना वाटेत सूर्यगढ हॉटेल लागतं. आहे अलीकडचंच, पण पिवळ्या दगडात जुन्या गढीच्या धर्तीवर बांधलेलं. जाड भिंती, आत चौक. त्याच रस्त्यावर कानोईजवळ डायना केलॉग या वास्तुरचनाकार बाईंनी बांधलेली मुलींची शाळा आहे. लंबगोल, त्याच दगडाची, वारा खेळवणारी जाळी लावलेली आणि एसीशिवाय चालणारी. ती बाहेरून बघितलीत तरी वाळवंटात घर कसं बांधावं हे कळतं. काचेच्या भिंतीची खोली दाखवून 'डेझर्ट व्ह्यू'चे जादा पैसे मागणाऱ्याला मग आपोआप नाही म्हणाल.

किल्ल्यातल्या हॉटेलांत मात्र राहू नका, ती कितीही गोड दिसली तरी. जैसलमेरचा किल्ला 1156 चा, आत अजूनही माणसं नांदतात. रावळ जैसलने तो बांधला तेव्हा पाणी डोक्यावरून आणलं जायचं आणि थेंब थेंब पुरवलं जायचं. आता प्रत्येक हॉटेलच्या खोलीला शॉवर आणि फ्लश. ते पाणी खालच्या ठिसूळ थरांत मुरतं, पाया भुसभुशीत होतो, काही बुरूज ढासळलेही आहेत. किल्ला पायी फिरा, वरच्या जैन मंदिरांचं कोरीवकाम सकाळच्या उन्हात बघा, आणि झोपायला खाली या.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, रिसॉर्टला हेही विचार की पाणी कुठून येतं आणि सांडपाणी कुठे जातं. त्या भागात वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढा आपल्या महाबळेश्वरला जुलैत एका दिवसात कोसळतो. तिथल्या पालीवाल समाजाने खडीन बांधून, म्हणजे उताराला आडवा मातीचा बांध घालून पाणी अडवलं आणि त्या ओलीवर रब्बीचं पीक घेतलं. त्यांचं ओस पडलेलं कुलधरा गाव तुमच्या वाटेवरच आहे. गाइड भुताखेतांच्या गोष्टी सांगेल, तू त्याला खडीन दाखवायला सांग. अशा मुलखात प्रत्येक तंबूला वेगळा पूल असेल तर मला तो चैनीपेक्षा अडाणीपणा वाटतो. शिवाय जानेवारीत त्या पुलात रेवा बोटसुद्धा बुडवणार नाही.

संध्याकाळच्या गाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे हटकून वाया जाते ती हीच गोष्ट. समच्या चौकात जे गातात, त्यांतले पुष्कळ जण मांगणियार असतात. धर्माने मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्म-लग्नाची गाणी गाणारे, कृष्णाचीही गातात. त्यांचं कमायचा नावाचं वाद्य आहे, गोल पोटाचं, वर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, गजाने वाजवायचं. हमीरा गावचे साकर खान यांना या वाद्यासाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याचा आवाज खरबरीत आणि खोल असतो, तो मायक्रोफोनमधून आला की मेलाच. आणि पाहुणे काय मागतात? 'केसरिया बालम', मग लगेच सिनेमातलं, मग स्वतःच नाचायला उठतात. तू रिसॉर्टला आधीच कळव की जेवणापूर्वी तासभर, माइकशिवाय, दोघं-तिघं कलाकार आमच्यापुढे बसून गातील अशी सोय करा. कमायचा आणि खडताल आणायला सांग. खडतालाच्या चार लाकडी पट्ट्या बोटांत फिरताना जवळून दिसल्या पाहिजेत. बिदागी थेट त्यांच्या हातात द्या, बिलात नको. दादा आयुष्यभर सवाई गंधर्वला जाणारा माणूस, त्याला पूल-स्पा काही आठवणार नाही, हे आठवेल.

जेवणाचं सोपं आहे. बुफेत पनीर आणि मंचुरियन दिसलं तर आचाऱ्याला गाठून केर-सांगरी, बाजरीची भाकरी आणि कढी करायला सांगा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा; आपण दसऱ्याला पूजतो तीच शमी.

पक्ष्यांची आवड अनिकेतला आहे, म्हणून एक सकाळ मोकळी ठेव. समच्या लगतच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, आणि माळढोकाचा उरलेला मुख्य आसरा तोच. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला तो आता दिसला तर दिसला. पार्कातही दिसेलच असं नाही. पण 'माळढोकाच्या वाटेवर जीप उडवतो' असं सांगणारं रिसॉर्ट असेल तर त्याला एक पैसाही देऊ नका.

अनिकेतने दुबईचं काढलंय असं वहिनी म्हणाली. तिथलं अल महा रिसॉर्ट नावाजलेलं आहे. सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या राखीव वाळवंटात, दारापुढे ओरिक्स हरणं फिरतात. पण लहान मुलांना घेत नाहीत. रेवा मोठी झाली की जा.

पैशांचं म्हणजे, साडेसात हजारांवरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी लागतो, तेव्हा दर करासकट सांग म्हणावं. कॅन्सलेशनची अट लेखी घे. आणि वाळवंटात एकच रात्र राहू नका, दोन राहा. पहिली प्रवासाच्या शिणातच जाते.

मॅनेजरचं उत्तर आलं की मला पाठव. दादाला जाड स्वेटर आणि कानटोपी घ्यायला लाव. तो 'राजस्थानात कसली आलीय थंडी' म्हणेल, पण तिथे रात्री पारा पाच-सहापर्यंत उतरतो. गरम पाण्याची रबरी पिशवी माझ्याकडची घेऊन जा, ती हॉटेलात देतील या भरवशावर राहू नकोस.

तुझी,
आत्या