आधी केरसुणी, मग पाण्याची बंदूक

जोतिबाची चैत्री पौर्णिमेची यात्रा सरली की वाडी रत्नागिरीतली जोती, पायऱ्या, गल्लीतले दगड सगळे एकाच रंगाचे होतात. सासनकाठ्या नाचवत गावंच्या गावं येतात आणि गच्च्यांवरून त्यांच्यावर गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. आमच्याकडे दरवर्षी ठरलेल्या गावची माणसं उतरतात. ती परतली की सोपा, पायऱ्या, मोरी आणि दोन मोटारसायकली धुणं माझ्याकडे. देवळाची पाकाळणी होते, तशी घराचीही करावी लागते.

आमच्या दारात नळ नाही. पाणी पिंपात भरून ठेवलेलं, आणि ऐन उन्हाळ्यात ते डोंगरावर तांब्या-तांब्यानं जपायचं. बाहेर बोर्डही नाही, म्हणजे वायर ओढायची ती थेट ओल्या पायऱ्यांवरून. म्हणून बादलीतून पाणी ओढणारा, बॅटरीवर चालणारा प्रेशर वॉशर मी ऑनलाइन मागवला. तो विचार मला आजही बरोबर वाटतो. निवड मात्र चुकली, आणि वापर त्याहून जास्त चुकला.

वापराचं आधी सांगते, कारण त्याचे डाग अजून भिंतीवर आहेत. यंत्र आलं त्या उत्साहात मी गुलालावर थेट पाणी मारलं. गुलाल म्हणजे रंगवलेली बारीक पूड. कोरडी असताना ती झाडूनं निघते, भिजली की लगदा होतो. त्यावर जोराची धार पडली तेव्हा निम्मा लगदा सिमेंटच्या बारीक भोकांत शिरला आणि उरलेला उडून चुना दिलेल्या भिंतीवर हातभर उंच चढला. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं, गुलालाला पानी दावायचं न्हाई! आदी केरसुणी फिरव!" त्यांची ही पद्धत साधी आहे आणि मी ती आता मोडत नाही. कोरडा गुलाल केरसुणीनं दोनदा झाडायचा, फटींतला जुन्या ब्रशनं काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि मगच पाणी, तेही वरून खाली उताराच्या दिशेनं.

आता निवडीबद्दल. खोक्यावर छापलं होतं: ४८ व्होल्ट, ७० बार, मिनिटाला ५ लिटर, अर्धा तास चालणार. प्रत्यक्षात आठव्या मिनिटाला धार मंदावली. महिन्याभरात बॅटरी चार्जच होईना. विकणाऱ्यानं उत्तर दिलं नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकणाऱ्या भाच्यानं त्याच्या वर्कशॉपमध्ये ती बॅटरी उघडून पाहिली. (घरी कुणी हे करू नये. लिथियमचे सेल शॉर्ट झाले तर पेट घेतात.) आत एका ओळीत पाच सेल होते. एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. म्हणजे पाचांचे १८, फार तर २१. अठ्ठेचाळीस येणार कुठून?

मग त्यानं मला एक हिशोब शिकवला, तो प्रत्येकानं खरेदीआधी कागदावर करावा. बारचा आकडा गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००. उत्तर येतं किलोवॅटमध्ये, म्हणजे धारेला तेवढी ताकद लागते. माझ्या खोक्यावरचे ७० आणि ५ गुणले की ३५०, भागिले ६०० म्हणजे जवळपास ५८० वॅट. बॅटरी १८ व्होल्टची आणि २ अँपिअर-अवरची, म्हणजे ३६ वॅट-अवर. पंपात काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी चार मिनिटांत संपायला हवी. अर्धा तास चालवायची तर आठपट मोठी बॅटरी हवी, आणि ती हातात धरवणार नाही. सगळे आकडे एकाच वेळी खरे असणं शक्यच नव्हतं.

१८–२० व्होल्टच्या हातातल्या यंत्रांवर नावाजलेल्या कंपन्या स्वतः २२ ते २४ बार एवढंच लिहितात. मिनिटाला तीन लिटर धरले तर हे १२० वॅटपर्यंत जातं, आणि ३६ वॅट-अवरवर दहा-पंधरा मिनिटांचं काम पटतं. तेव्हा मोठ्या आकड्याला भुलण्यापेक्षा हा लहान आकडा लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवा. शंभरच्या वर बार खरंच हवे असतील तर प्लगला लावायचं, १४०० वॅटच्या आसपासचं यंत्र घ्यावं लागतं, आणि त्याचं पाणीही मिनिटाला पाच-सहा लिटर जातं. आमच्या पिंपाला ते परवडणारं नाही. तीन लिटरच्या हिशोबात पंधरा लिटरची बादली पाच मिनिटं पुरते.

दुसरी बॅटरी सुटी मिळते का, आणि कोल्हापुरात दुरुस्ती होते का, हे दुकानातच विचारा. मी ऑनलाइनच्या किमतीत अडकले आणि बॅटरी गेली तसं यंत्रच भंगारात गेलं. पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाला जाळी हवीच. आमच्या बादलीत उडालेला खोबऱ्याचा कीस जाऊन पंप बसला होता. यंत्रासोबत आलेल्या साबणाच्या बाटलीचा मला उपयोग झाला नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. घराचं जोतं सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं, दगडी, सांध्यांत चुना. सर्वांत बारीक धारेचा नोझल जवळ धरून मी फटीतला गुलाल काढायला गेले आणि गुलालाबरोबर चुन्याचा भुगा बाहेर आला. दोन सांधे उघडे पडले. आमचं जोतं तरी अलीकडचं; जोतिबाचं, म्हणजे केदारनाथाचं, आत्ताचं देऊळ तर राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. एवढ्या जुन्या बांधकामाला, मग ते देऊळ असो, समाधी असो की वाड्याची भिंत, हौसेनं असली धार मारू नये. तिथे हात, मऊ ब्रश आणि तांब्याच बरा.

तशी धार मोटारसायकलच्या चाकाच्या बेअरिंगवर, स्विचवर किंवा टायरच्या बाजूवरही जवळून नको. रुंद पंख्यासारखी धार, हातभर अंतर. आणि लेकरांच्या अंगावर गंमत म्हणूनही नाही.

आता माझ्याकडे दुसरं यंत्र आहे, खोक्यावर २२ बार लिहिलेलं. बॅटरी गरम असताना मी चार्जिंगला लावत नाही, आणि काम नसलं की अर्धी भरून घरात सावलीला ठेवते. त्याचं खरं काम मात्र यात्रेपेक्षा पावसाळ्यात निघालं. आषाढात धुक्यानं डोंगर झाकला की पायऱ्यांवर शेवाळ धरतं, म्हातारी माणसं घसरतात. तेव्हा पिंप पागोळीच्या पाण्यानं भरलेलं असतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं धार मारली की दगड मोकळा होतो, आणि सासूबाई काठी न टेकता खाली उतरतात.