आजचा शब्द : दुर्ग (गीता १८.५८)

दुर्ग म्हटलं की आपल्याला सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आठवतात. पण कुरुक्षेत्रावर भगवंत अर्जुनाला ‘सर्वदुर्गाणि’ म्हणतात, तेव्हा अर्थ आहे सगळी संकटं. चित्त माझ्या ठिकाणी ठेव, माझ्या कृपेने ती तरून जाशील.

किल्ला आणि संकट, दोन्हींना एकच शब्द कसा? फोड बघा. दुर् म्हणजे कठीण, ग म्हणजे जाणं. जिथे जाणं कठीण, तो दुर्ग. आतल्याला आसरा, बाहेरच्याला अडथळा.

मागच्या वर्षी दादाशी वाद झाला. तीन महिने मी त्याचा फोन उचलला नाही. वाटायचं, मी मनःशांती जपतोय. खरं तर त्याची माझ्यापर्यंत यायची वाटच बंद केली होती.

याच श्लोकाच्या उत्तरार्धात इशारा आहे : अहंकारामुळे ऐकलं नाहीस, तर नाश होईल. तिथे ऐकायचं आहे ते भगवंताचं. पण जो सख्ख्या भावाचं ऐकत नाही, तो भगवंताचं काय ऐकणार? शेवटी मीच फोन लावला आणि आधी नुसतं ऐकून घेतलं.

आज नामाला बसण्याआधी एवढंच तपासूया : मी कोणासाठी दुर्ग झालोय?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥