कायदा आणि मन : एका इंग्रजी कादंबरीचा बोध

चांगलें आणि वाईट यांच्या झगड्यांत कोणती बाजू घ्यावी, हें लहान मुलासही सांगतां येतें. खरी कसोटी लागते ती दोन्ही बाजूंस थोडाबहुत न्याय असतो तेव्हां. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींतील (१८३७ ते १९०१) कादंबरीकारांनीं असे पेंच वारंवार वर्णिले आहेत. त्यांपैकीं अँथनी ट्रॉलप यांची १८५५ सालीं प्रसिद्ध झालेली ‘द वॉर्डन’ ही लहानशी कादंबरी आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

बार्चेस्टर या कल्पित शहरीं जॉन हायरम नांवाचा लोंकरीचा व्यापारी १४३४ सालीं वारला. बारा निराधार वृद्धांच्या आश्रमासाठीं त्यानें आपली जमीन ठेविली होती. चार शतकांत जमिनीचें उत्पन्न फार वाढलें. परंतु वृद्धांस रोज एक शिलिंग चार पेन्सच मिळत. आश्रमाचे प्रमुख, वृद्ध धर्मगुरु हार्डिंग, यांस मात्र वर्षास ८०० पौंड व टुमदार घर! हार्डिंग लोभी नव्हते. प्रत्येक वृद्धास रोज दोन पेन्स ते पदरचे देत. ही वांटणी न्यायाची आहे काय, अशी कुजबुज त्यांच्या कानीं आली होती; पण तिनें त्यांचें मन फारसें अस्वस्थ झालें नव्हतें.

तो प्रश्न जॉन बोल्ड या तरुण डॉक्टरानें जाहीरपणें विचारला. त्याचें हार्डिंग यांच्याच कन्येवर, एलेनॉरवर, प्रेम होतें. एका वर्तमानपत्रानें हार्डिंग यांच्यावर झोड उठविली. वर्षास शंभर पौंड मिळतील या आशेनें बहुतेक वृद्धही फिरले. उलट हार्डिंग यांचे जांवई, आर्चडीकन ग्रँटली, म्हणत कीं, जागा सोडणें म्हणजे चर्चचा घात व एलेनॉरचें नुकसान. अखेर एलेनॉरच्या विनवणीवरून बोल्डनें दावा काढून घेतला. आतां भय उरलें नाहीं. तरी हार्डिंग लंडनला मोठ्या वकिलाकडे गेले. कायद्यानें आपण सुरक्षित आहों, हें त्यांस कळलें. पण ‘हा पैसा न्यायानें माझा आहे काय?’ याचें उत्तर मिळेना. त्यांनीं राजीनामा दिला व पुढें एका लहानशा चर्चच्या तुटपुंज्या प्राप्तींत समाधान मानिलें.

कथा येथें गोड होत नाहीं. बिशपांनीं दुसरा प्रमुख नेमिला नाहीं. वृद्धांचे शंभर पौंड तर राहिलेच, पण रोजचे दोन पेन्सही गेले व मायेचा माणूस अंतरला. सहा वृद्ध वारले. त्यांच्या जागा रिकाम्याच राहिल्या.

मग हार्डिंग चुकले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आश्रम सांभाळणें हें अनेकांचें काम होतें, तें त्यांनीं केलें नाहीं. आपल्या मनाला जें आपलें वाटत नाहीं तें न घेणें, एवढें हार्डिंग यांच्या एकट्याच्या हातीं होतें, तें त्यांनीं केलें. तथापि केवळ जुनें मोडून सुधारणा होत नाहीं, हेंही ट्रॉलप बजावितात.

विद्यार्थिमित्रहो, बेरजेच्या चुकीनें तुम्हांस दहा मार्क अधिक पडले, आणि तें कोणास कळणार नाहीं, तर तुम्ही काय कराल? पालकांनींही हा प्रश्न घरीं मुलांस विचारावा; आणि उत्तर ऐकण्यापूर्वीं आपल्या मनासही विचारावा, अशी आमची नम्र सूचना आहे.