वाऱ्याची वीज आणि रब्बीचे पाणी

सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. धूर नाही, राख नाही. परंतु वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातील शक्ती निम्मी नव्हे, एक अष्टमांश उरते, हे गणित येथे महत्त्वाचे. वारा जोर धरतो पावसाळ्यात. तेव्हा आमच्या शेताला पंप लागत नाही. रब्बीच्या गव्हाला पाणी हवे, तेव्हा पाती मंदावतात. पाऊसही त्याच महिन्यांतला. पण शेजारचे कोयना धरण त्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत राखते. वाऱ्याची वीज बॅटरीत साठते खरी, पण काही तासांपुरती, ऋतूपुरती नव्हे. म्हणून पवनचक्कीला हिवाळ्यातील उन्हाची जोड द्यावी, असे मला वाटते. ती वीज दिवसा मिळेल आणि माझ्या वडिलांना थंडीत रात्री दारे धरावी लागणार नाहीत.