पार्सल पोचवणाऱ्यांनो, पाणी टाळू नका

मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाचे पार्सल पोचवणारी मुले आता आपल्यासारख्या लहान शहरांतही दिसतात. लघवीची जळजळ, कंबरेत कळ अशा तक्रारी घेऊन त्यांतील काही माझ्याकडे येतात. पाणी किती पिता, असे विचारले की उत्तर ठरलेले, "डॉक्टर, पाणी प्यायलो तर जायचे कुठे?" हॉटेलचे स्वच्छतागृह गिऱ्हाइकांसाठी. ऑर्डर तयार होईपर्यंत बाहेर उन्हात उभे राहायचे आणि उशीर झाला की बोलणी याच मुलांनी खायची.

शरीराला पाणी कमी पडले की लघवी घट्ट होते. तिच्यातील कॅल्शियम, ऑक्झलेट यांचे कण साचून मूतखडा होऊ शकतो. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ती वारंवार तुंबवून ठेवल्यास जंतूंना वाढायला वाव मिळतो.

पाण्याची बाटली गाडीवर ठेवा. प्रत्येक पार्सलनंतर चार घोट प्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा, गडद दिसला तर पाणी वाढवा. दर तीन-चार तासांनी लघवीला जा. पेट्रोल पंपावर सोय असते. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप किंवा कुशीत असह्य कळ आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हॉटेलमालकांनी या मुलांना स्वच्छतागृह वापरू द्यावे. आणि वाचकहो, पार्सल घेताना पाण्याचा तांब्या पुढे करा.